एलियाहूची रिकामी जागा

मी एक जुना बाक आहे, ओकच्या लाकडाचा आणि अंगाने चांगलाच भारी. मला उचलायला चार माणसं लागतात आणि चौघंही मला शिव्या घालतात, त्याची मला सवय झाली आहे. माझ्यावर दोन जागा आहेत. एकीवर माणूस बसतो, दुसरीवर कोणीच बसत नाही. का, ते ऐका, मित्रांनो. याच रिकाम्या जागेपायी नुकतीच माझे दोन तुकडे व्हायची वेळ आली होती.

माझा जन्म जर्मनीतल्या एका खेड्यातला. तिथे गुरांचे व्यापारी, एक पाववाला, एक शिंपी अशी थोडी ज्यू घरं होती. त्यांचं प्रार्थनाघर, म्हणजे सिनेगॉग, मागच्या गल्लीत होतं. बाहेरून गोठ्यासारखं साधं, आत मात्र निळं छत आणि त्यावर सोनेरी चांदण्या! आठवडाभर बाजारात घसा फोडणारी माणसं शनिवारी हॅट घालून इतकं गोड गायची की मला हसू यायचं.

कोणाला मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची सुंता माझ्यावर व्हायची. एका जागेवर घरातला वडीलधारा बाळाला मांडीवर घेऊन बसायचा. दुसरी जागा एलियाहू संदेष्ट्याची. तो प्रत्येक बाळाला बघायला येतो, अशी श्रद्धा. विधी झाल्यावर मला तीन दिवस जागचं हलवायचं नाही, अशीही तिथली रीत. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला लगेच कसं उठवायचं?

१९३८च्या नोव्हेंबरात पाववाल्याला मुलगा झाला. आई आजारी होती म्हणून विधीसाठी मला त्यांच्या घरी नेलं. त्या तीन दिवसांतच नाझींनी सिनेगॉग पेटवून दिलं. आजूबाजूच्या खेड्यांतलीही कितीतरी सिनेगॉग जळाली. माझं चांदण्यांचं छत गेलं. मी वाचलो तो केवळ त्या रीतीमुळे. हे सांगताना मला अजून भरून येतं.

पाववाला बायको, बाळ आणि मला घेऊन बोटीने मुंबईला आला. ठाण्यात टेंभी नाक्याला त्याने खारी-बटरची बेकरी काढली. इथले बेने इस्रायली ज्यू चक्क मराठी बोलत. आणि काय सांगू, कोणी परीक्षा पास झालं, कोणाचं लग्न ठरलं, की ते गोड पोहे, खोबरं आणि फळं मांडून एलियाहूच्या नावाने मलिदा करत. माझा पाहुणा माझ्या आधीच इथे येऊन राहिला होता तर!

पण इथल्या सिनेगॉगला एलियाहूसाठी स्वतःची खुर्ची होती, म्हणून मी घरातच राहिलो. माझ्यावर पापड वाळले, छत्र्या वाळल्या. पाववाल्याचा तो मुलगा, कुर्ट, इथेच वाढला, इथलीच मुलगी केली, म्हातारा झाला. जर्मनीबद्दल त्याने घरात कधी चकार शब्द काढला नाही. त्यामुळे त्याच्या नातवाला, नाथनला, मी म्हणजे नुसती अडगळ.

गेल्या आठवड्यात ते घर सोडून सगळे घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर राहायला गेले. नाथनला मुलगा होऊन दोनच दिवस झाले होते. कुर्टआजोबा हॉस्पिटलात पणतूपाशी बसलेला आणि नाथन नव्या इमारतीखाली सामान चढवतोय. मी काही लिफ्टमध्ये मावेना. शिवराम सुताराने सुचवलं की मधोमध कापू, दोन झकास खुर्च्या होतील. नाथनने मान डोलावली. माझ्या मधोमध पेन्सिलची रेघ पडली आणि माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात कुर्टआजोबा रिक्षातून उतरला. रेघ बघून तो सरळ येऊन माझ्यावर बसला आणि शेजारच्या जागेवर त्याने तळहात पसरला.

"आजोबा, उठा ना. शिवराम खोळंबलाय."

"नाही उठणार. आधी मला काप."

मग तिथेच पार्किंगमध्ये त्याने वडिलांकडून ऐकलेलं सगळं आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. ते खेडं, ती आग, ते तीन दिवस.

"आठव्या दिवशी मला या बाकावर ठेवलेलं, नाथन. तुझ्या पोरालाही इथेच ठेवायचं. माझ्या मांडीवर."

नाथनने अंगठ्याने ती रेघ पुसली. शिवरामने करवत गुपचूप पिशवीत घातली आणि टेम्पोला फोन लावला.

असा मी वाजतगाजत टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये पोहोचलो. आठव्या दिवशी सगळी मंडळी जमली. शिवरामही नवा शर्ट घालून आला. मित्रांनो, जुनी वस्तू मोडायला काढाल तेव्हा आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी जरा बसा. त्याला कदाचित काही सांगायचं असेल.

कुर्टआजोबाने बाळाला मांडीवर घेतलं आणि दुपटं सोडलं. बाळाने अशी काही धार सोडली की ती थेट एलियाहूच्या जागेवर! नाथन ओशाळून रुमाल शोधायला लागला. आजोबा मात्र पोट धरून हसत होता.

"राहू दे रे. पाहुणा रागावत नाही."

खरंच रागावत नाही. जर्मनीत कुर्टनेही नेमकं हेच केलं होतं, याच जागेवर.