एकदाच वाचवणारी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. चार पायांची नव्हे. गाडीच्या मागच्या सीटवर बांधतात ती, लहान बाळाची. दुकानात मला कारसीट म्हणत. सध्या मी एका भंगारवाल्याच्या पत्र्याखाली, मोडका पंखा आणि दोन सायकली यांच्या मध्ये उताणी पडले आहे. माझे पाचही पट्टे कापलेले आहेत. मित्रांनो, त्याबद्दल हळहळू नका. ते चार वर्षं आधी कापले असते, तर मला तुम्हाला काही सांगण्याची वेळच आली नसती.

माझा जन्म साच्यात झाला. प्लॅस्टिकचे बारीक दाणे वितळवून साच्यात दाबले आणि मिनिटभरात माझं कवच बाहेर आलं. आत थर्माकोलसारख्या पांढऱ्या फोमचा जाड थर बसवला. त्यावर मऊ कापड आलं. मग पट्टे ओवले: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून, पाचही एका लाल बटणाच्या कुलपात अडकणारे.

कारखान्याच्या टोकाला चाचणीची खोली होती. तिथे काम करणाऱ्या बाईंना सगळे तोडफोडबाई म्हणत, कारण आम्हाला मोडण्याचाच त्यांना पगार मिळे. माझ्याबरोबर साच्यातून निघालेल्या एका बहिणीला त्यांनी रुळांवरच्या गाड्यावर बांधलं, तिच्यात बाळाच्या वजनाची बाहुली बसवली, गाडा वेगात सोडला आणि एका क्षणात थांबवला. मोठा आवाज झाला. बाहुली जागेवरच होती. बहिणीवर साधा ओरखडाही दिसत नव्हता.

"बाई, ही तर ठणठणीत आहे. पुन्हा पॅक करू का?" नोंदी लिहिणाऱ्याने गमतीने विचारलं.

तोडफोडबाईंनी कापड वर केलं आणि फोमवर अंगठा ठेवला. "हे बघा, दबलंय. दबलेलं पुन्हा फुगत नाही. बाळाला बसायचा धक्का हिने खाल्ला. आता दुसरा खायला हिच्या पोटात जागा नाही. ही एकदाच वाचवते."

मग त्यांनी मोठी कात्री घेतली आणि तिचे पट्टे कचाकच कापले.

"टाकायचीच आहे, तर कापता कशाला?"

"न कापता टाकली, की कुणीतरी उचलून नेतं."

हे मी शेजारच्या फळीवरून ऐकलं. तेव्हा मी नवी होते. मला वाटलं, किती निर्दय बाई आहे ही.

मला एका फरशी बसवणाऱ्याने विकत घेतलं. त्याचे सोबती त्याला पाणसळ म्हणून हाक मारत. फरशी सपाट बसली की नाही हे दाखवणारी, आत बुडबुडा असलेली ती पट्टी कायम त्याच्या खिशात असायची आणि तो घरातली तसबीरही तिच्याशिवाय टांगत नसे. मला गाडीत बांधतानाही त्याने ती काढली. पुस्तिकेत सांगितलेला तिरपा कोन जमेपर्यंत तो अर्धा तास घामाघूम होत राहिला. कोन फार उभा झाला तर झोपलेल्या बाळाची मान पुढे पडते आणि त्याचा श्वास कोंडतो, हे त्याने वाचलं होतं. गाडीचा पट्टा माझ्या खाचेतून ओढून त्याने मला गुडघ्याने दाबलं, पट्टा आणखी आवळला आणि धरून हलवलं. मी बोटभरही सरकले नाही.

त्याची आई दारात उभी राहून हे पाहत होती. आजी तोंडाने फटकळ, पण मनाने लोण्यासारखी.

"अरे, एवढा बंदोबस्त तर चोरालाही नसतो! दहा महिन्यांचं पोर, आजीच्या मांडीवर नाही बसणार तर कुठे बसणार?"

"आई, तुझी मांडी घरात."

"का? माझ्या हातात जोर नाही? तुला नाही का वाढवला?"

"तुझ्या हाताला कोण नावं ठेवतंय? पण पन्नासच्या वेगातली गाडी एकदम थांबली, की आठ किलोची मुंगी दीडशे किलोंची होते. फरशीचा खोका वीस किलोचा. असे सात-आठ खोके एकदम अंगावर आले, तर धरशील?"

आजीने अंगणात रचलेल्या फरशीच्या खोक्यांकडे पाहिलं आणि विषय बदलला. "मग निदान पुढच्या सीटवर ठेव. तिथे मुंगी मला दिसेल तरी."

"तिथे समोर एअरबॅग आहे. डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटते ती. खुर्चीची पाठ पुढे असते, एअरबॅग त्या पाठीवरच आदळेल. तिथे तर कधीच नाही."

मुंगी म्हणजे त्याची मुलगी. मिळेल ते तोंडात घालायची, म्हणून मुंगी. तिची पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला, तोंड मागे, अशी ती माझ्यात बसे. थंडीत तिची आई तिचा फुगीर कोट आधी काढी, पट्टे लावी, मग तोच कोट वरून पांघरी. कोटावरून पट्टे आवळले तर घट्ट वाटतात, पण धक्क्यात कोट दबतो आणि पट्टे सैल पडतात. सगळ्यात शेवटी पाणसळ खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघायचा. चिमटीत आला, तर अजून आवळायचा. मुंगी रडायची, माझ्या कापडावर लाळ गाळायची आणि दुसऱ्या वळणावर झोपून जायची. ते माझे चांगले दिवस होते.

मुंगीला सव्वा वर्ष झालं तेव्हाची गोष्ट. पाणसळ गाडी चालवत होता. आजी मागे, माझ्या शेजारी. एका चौकात मालाचा टेम्पो सिग्नल तोडून आडवा आला आणि आमची गाडी समोरून त्याच्यावर आदळली.

मुंगीची पाठ, मान, डोकं, सगळ्याचा भार एकाच वेळी माझ्या पाठीवर आला. माझा फोम दबला. गाडीचा पट्टा जातो त्या खाचेजवळ माझ्या कवचात आतून काहीतरी कट्‌ वाजलं. मी सुटले नाही. मुंगी सुटली नाही. तिच्या खांद्यावर एक लाल वळ उठला, एवढंच.

आजीने मात्र पट्टा छातीवर टोचतो म्हणून काखेखालून घेतला होता. छातीच्या हाडांवर जो भार विभागला जायचा, तो एका बाजूच्या बरगड्यांवर आला आणि दोन मोडल्या. पाणसळचा पट्टा बरोबर होता, एअरबॅगनेही त्याचं डोकं वाचवलं. पण त्याचा उजवा हात सवयीने स्टिअरिंगच्या मधोमध आडवा होता. एअरबॅग फुटली ती त्या हातावर. मनगट मोडलं.

त्यानंतरचे काही दिवस मी घरात कौतुकाचा विषय होते. येणारा जाणारा मला हात लावून बघे. आजी खाटेवर उशांना टेकून सगळ्यांना सांगायची, "मी मांडीवर घेतली असती ना, तर आज मुंगी नसती. या खुर्चीने वाचवली. सोन्याची खुर्ची आहे ही."

पाणसळने मात्र पुस्तिकेचं शेवटचं पान वाचलं होतं. अपघातानंतर पुन्हा वापरू नये, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. मुंगीसाठी नवी खुर्ची आली. एका सकाळी त्याने मला मागच्या खोलीत नेलं आणि डाव्या हाताने कात्री चालवून पाहिली. उजवा हात प्लास्टरमध्ये. माझे पट्टे जाड, घट्ट विणीचे. कात्री घसरली.

बायको म्हणाली, "राहू दे ना. हात बरा झाला की काप."

"विसरायला नको म्हणून लिहून ठेवतो." फरशीवर खुणा करायच्या पेन्सिलीने त्याने डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत माझ्या पाठीवर लिहिलं: अपघात झालेली. वापरू नये.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. तो एकदा कात्री घेऊन आलाही. माझ्यासमोर उकिडवा बसला. लाल बटण दाबलं, पुन्हा अडकवलं. मग स्वतःशीच म्हणाला, "हिलाच कापायचं?" आणि कात्री खिशात घालून निघून गेला. लिहिलेलं आहे, म्हणजे काम झालंच, असं त्याला वाटलं असावं.

मी फरशीच्या उरलेल्या खोक्यांवर चार वर्षं पडून राहिले. उन्हाळ्यात त्या खोलीचा पत्रा तापायचा. अपघातात खाचेजवळ पडलेली माझी भेग केसाएवढी होती, तिची लांबी हळूहळू वाढत गेली. कापडाखाली ती कुणाला दिसत नव्हती.

मग पाणसळच्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला. मुंगीची ही आत्या पडदे शिवायची, तिचा नवरा रंगारी होता. बाळ गुटगुटीत, म्हणून त्याचं नाव पडलं गोट्या. गोट्याला आठवा महिना लागला तेव्हा पाणसळ दुसऱ्या गावी एका दवाखान्याची फरशी बसवायला महिनाभर गेला होता. घर आवरताना आजीला मी दिसले.

"अगबाई! ही इथे धूळ खात पडलीय?"

तिने मला अंगणात आणलं. कापड काढून उकळत्या पाण्यात धुतलं. चष्मा घरात राहिला होता. माझ्या पाठीवरचे राखाडी फरकाटे तिला डाग वाटले. साबण, घासणी आणि चार वर्षांची माया, सगळं लावून तिने ते घासले. एकेक अक्षर फेसाबरोबर वाहून गेलं. मित्रांनो, मला तेव्हा जन्मात पहिल्यांदा तोंड हवं होतं.

"घे," ती लेकीला म्हणाली. "नवी आणायची गरज नाही. माझी मुंगी वाचवलीय हिने. पायगुण चांगला आहे हिचा."

"आई, जुनी नाही ना झाली?"

"बघ की, आहे का कुठे ओरखडा?"

ओरखडा नव्हता.

आत्याने भावाला फोन लावला. मागे फरशी कापायच्या कटरचा आवाज येत होता.

"दादा, बाळाच्या सीटचा पट्टा किती आवळायचा रे?"

"चिमटीत येता कामा नये. आणि मागच्या सीटवर, तोंड मागे करून. कोट काढ आधी. तुझा रंगारी पट्टा लावतो ना स्वतः?"

"लावतो रे बाबा! तुझी नक्कल करतो, कोन मोजायला माझी टेप घेऊन बसलाय."

दादा मोठ्याने हसला. सीट कुठली, हे त्याने विचारलं नाही. त्याच्या मनातली ती जुनी खुर्ची चार वर्षांपूर्वीच संपली होती.

त्या दोघांनी काहीच चुकवलं नाही, हे मी साक्षीदार म्हणून सांगते. कोन बरोबर होता. पट्टे बरोबर होते. रंगाऱ्याने गुडघ्याने दाबून मला आवळलं, तेव्हा भेग आणखी बोटभर गेली. आवाज झाला. त्याला वाटलं, पट्टा नीट बसल्याचा आहे.

पुढचं मी थोडक्यात सांगते. अकराव्या दिवशी, भर दुपारी, गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकला मागून धडकली. वेग चाळीसचा होता. आत्या आणि रंगारी यांचे पट्टे घट्ट धरून राहिले. दोन्ही एअरबॅग उघडल्या. दोघं चालत बाहेर आले. माझं कवच मात्र खाचेपाशी दुभंगलं, गाडीचा पट्टा त्यातून निसटला आणि मी गोट्यासकट पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आपटले. दबायला माझ्यात काहीच उरलं नव्हतं.

गोट्या दवाखान्यातून परत आला नाही.

मला पुन्हा त्याच मागच्या खोलीत आणून टाकलं होतं. पाणसळ तिसऱ्या दिवशी मला बघायला आला. त्याने मला पालथं केलं. पाठीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. उजेडाकडे तिरपं धरून बघितलं. पाठ स्वच्छ होती.

आजी दारातच उभी होती. "काय शोधतोयस?" तिने विचारलं. मग तिचं तिलाच कळलं. "ते... ते डाग नव्हते का रे?"

त्याने मला हळूच खाली ठेवलं.

"मीच घासलं," आजी म्हणाली. "या हातांनी."

"तू नाही, आई. मी लिहून ठेवलं. कापायला हवं होतं."

त्याने कात्री आणली आणि माझा एकेक पट्टा कापला. त्याचे दोन्ही हात चांगले होते; तरी फार वेळ लागला. मग फरशी कापायचा कटर चालू करून त्याने माझ्या पाठीत तीच अक्षरं खोल कोरली. आजी तिथून हलली नाही. आत्या त्या घरी पुन्हा कधी आली का, मला माहीत नाही. त्याच दिवशी मी इथे आले.

काल इथे एक नवराबायको आले होते. तिला आठवा महिना असावा. भंगारवाल्याने मला उचलून तिच्यासमोर धरलं. "धुतली की नवी, ताई. कापड टाका नवं."

"अहो, बरी दिसते की," नवरा म्हणाला.

तिने माझ्या पट्ट्याला हात घातला. तिच्या हातात एक वीतभर तुकडा आला. तिने मला उलटं केलं, पाठीवर कोरलेलं मोठ्याने वाचलं, मग तेच पुन्हा मनात वाचलं. तिचा हात आपोआप पोटावर गेला.

"चला," ती म्हणाली. "नवीच घेऊ."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी उलटं सांगते. अपघातातून तुमचं बाळ माझ्यासारखीने वाचवलं, तर तिला एकदा हात लावा, काय वाटायचं ते वाटू द्या, आणि मग कात्री आणा. लिहून ठेवू नका. माळ्यावर ठेवू नका. मायेने कुणाला देऊ नका. त्याच दिवशी कापा.

तोडफोडबाई म्हणायच्या, ही एकदाच वाचवते. काल त्या बाईच्या हातात माझा कापलेला पट्टा आला, तेव्हा मला त्यांची कात्री आठवली. त्या निर्दय नव्हत्या.