घरची टाच

धप्प! बूट दाराशी आपटला आणि दुपारची शांतता मोडली. मागोमाग दुसराही आला.

“आई, हे बूट चावतात गं! मागून.”

शाळेतून आलेल्या लेकीकडे बघत ती टाके घालायची आरी हातात धरून तशीच बसून राहिली. घराच्या पुढच्या खोलीतलं हे बूट-दुरुस्तीचं दुकान ती आणि तिचा भाऊ मिळून चालवायचे. भाऊ याच स्टुलावर, कुणाच्या तरी सँडलला टाके घालता घालता गेला. चाळिशीही गाठली नव्हती. वडीलही असेच अचानक गेले, काकाही.

या घराण्याच्या टाचाच जाड. बुटाची मागची कड प्रत्येकाला लागायची आणि वडील चामडं कापायच्या रापीनं ती खाली उतरवून द्यायचे. “घरचा शिक्का आहे हा,” म्हणायचे. नव्या नवरीला, म्हणजे वहिनीला, आत्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “नवरा गर्दीत हरवला तर तोंड काय बघतेस, टाच बघ!” हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिच्या टाचेमागची जाड शीर दोन बोटांत धरली. त्या हसल्या नाहीत.

“ही जाडी साधी नाही. रक्तातलं कोलेस्टेरॉल इथं साठलंय. तसंच ते हृदयाच्या नळ्यांतही साठतं. दोष जनुकातच असतो, आईबापांकडून मुलांत उतरतो.”

“म्हणजे आम्ही इतकी वर्षं नुसते बूटच कापत बसलो?”

बाईंनी औषधांची चिठ्ठी पुढे ओढली. “तुमच्या गोळ्या आजच सुरू करू. वेळेत कळलं तर पुष्कळ काही करता येतं. उद्या मुलीला रक्त तपासायला आणा. तिच्यात उतरलंच असेल असं नाही. निम्मी-निम्मी शक्यता.”

निम्मी-निम्मी. घरी येईपर्यंत ती तेवढंच घोकत आली होती.

“आई, लक्ष कुठंय तुझं? कड कापून दे ना.”

“नवे बूट चावतातच गं. चार दिवस घाल, होतील सैल.”

“जुने पण चावायचे की! तू ओरडशील म्हणून मामानं गुपचूप कापून दिले होते.”

तिनं कोपऱ्यातले जुने बूट ओढले. मागची कड खाली उतरवलेली होती आणि त्यावर भावाचे ते बारीक, एकसारखे टाके. रोज सकाळी ती याच बुटांच्या नाड्या बांधत होती.

“पाय दे इकडे.”

लेकीनं खुशाल पाय तिच्या मांडीवर टाकला. मोजा उतरवून तिनं टाच तळहातावर घेतली. उबदार, धुळीनं माखलेली. अंगठा टाचेच्या मागं गेला आणि टेकायच्या आधीच थांबला.

“मामा म्हणायचा, मी पक्की आपल्या घरची,” लेक मान वाकडी करून, मोठ्या अभिमानानं विचारत होती. “आहे ना गं आई? माझी टाच तुमच्यासारखीच आहे ना?”