रविवारचा व्हिडिओ

"बये, ह्यो रविवारचा रस्ता हाय. डंपर नाय, कंटेनर नाय. व्हिडिओत लोकांना कामाच्या दिवसाचा दाखव ना," सासरे, कमळाकर, दारातून म्हणाले, तेव्हा मोनाली चार वर्षांच्या लेकीच्या, पूर्वीच्या, हेल्मेटचा पट्टा आवळत होती.

"बाबा, तुम्हाला सायकल म्हटली की अपघातच दिसतो," ती हसत म्हणाली आणि निघाली.

रिकाम्या रस्त्यावर कुंदन मोबाईल घेऊन उभा होता. सायकलवाल्यांचा ग्रुप त्यानंच काढलेला. छोटी पूर्वी मागच्या सीटवरून हात हलवत होती. दोनदा अडखळल्यावर मोनालीला वाक्य जमलं, "भीती रस्त्यावर नसते, आपल्या मनात असते. चला, मुलांना सायकलनं शाळेत सोडू या."

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, ती पूर्वीला शाळेत नेत होती. रिक्षानं.

"आई, सायकल का नाही?"

"उशीर झालाय ना, बाळा."

उशीर झालेला नव्हता. शेजारून डंपर गेला, तसं तिनं पूर्वीला आत ओढलं.

मोबाईल वाजला. करंजाड्याची समृद्धी. कधी भेट झालेली नव्हती, पण व्हिडिओखाली ती सारखी काहीबाही विचारायची.

'ताई, धीर करून पनवेलच्या शाळेला निघालो एकदाचे. मुलाच्या मापाचं हेल्मेट मिळालं नाही, पण तुम्ही म्हणता तसं, भीती मनातच असते.'

सोबत फोटो होता. निळी सायकल, कॅरियरवर उशी आणि उशीवर पिवळ्या ओढणीनं बांधलेलं हसरं पोर.

'थांबा,' मोनालीनं लिहिलं. मग फोन लावला. रिंग नुसती जात राहिली. पुन्हा लावला.

पूर्वीला शाळेच्या फाटकात बाईंच्या हाती देऊन ती त्याच रिक्षात परत बसली. "दादा, करंजाड्याकडे घ्या," म्हणाली आणि कुंदनला फोन लावला.

"अगं, सायकल चालवताना फोन कोण उचलेल? तूच सांगतेस ना, उचलू नका म्हणून."

"पोराला ओढणीनं बांधलंय तिनं, कुंदन."



"ग्रुपवर काही टाकू नकोस हं. ग्रुपच्या पुढच्या राईडला कितीतरी बायका पहिल्यांदाच येतायत. घाबरल्या तर पुन्हा यायच्या नाहीत."

"आणि नाही घाबरल्या तर?"

तिनं फोन ठेवला. करंजाडे यायच्या आधीच रिक्षा थांबली. पुढे नुसती ट्रकची रांग. रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली.

"कायतरी झालंय पुढं. नायतर उगाच तुंबलंय. हितनं काय दिसत नाय."

मोनाली उतरून ट्रकच्या कडेकडेनं चालू लागली. चालता चालताच तिनं व्हिडिओ उघडला. खाली टाळ्या, अंगठे, 'मस्तच ताई'. त्याखाली तिनं 'घाबरण्याचं कारण नाही, पण' एवढं लिहिलं, खोडलं आणि पुन्हा सुरुवात केली.

'करंजाड्याहून पनवेलकडे येणाऱ्या रस्त्यावर आत्ता कुणी हे वाचत असाल, तर निळी सायकल शोधा. मागे पिवळ्या ओढणीत लहान मुलगा आहे. आईचं नाव समृद्धी. दिसली तर हाक मारून थांबवा. तिचं घर कुणाला माहीत असेल, तर दार वाजवून बघा. मी चालत येतेय. पण तुम्ही माझ्याहून जवळ आहात. जा.'