मुहूर्त चुकवणारं विमान

मित्रांनो, मी एक जुनं, दोन खुर्च्यांचं विमान आहे. सध्या शेंद्र्यातल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या आवारात उभं आहे. मुलं माझं इंजिन खोलायला शिकतात आणि खोललेलं नीट बसवत नाहीत. असो.

माझेही दिवस होते. चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून मी कितीतरी शिकाऊ वैमानिकांना आभाळात नेलं. दौलताबादवरून जाताना किल्ल्यावरची पोरं हात हलवायची आणि मी उगाच फुगायचं. माझ्या जोडीला आणखी एक विमान होतं. एका ढगाळ सकाळी, डोंगरापलीकडे मोकळं असेल या आशेवर ते धुक्यात शिरलं आणि कड्यावर आदळलं. त्याचा वैमानिक घरी परतला नाही. ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

पुढे लग्नात आभाळातून फुलं उधळायचं खूळ आलं. फुलंब्रीच्या रामप्रसादरावांनी लेकीच्या लग्नासाठी मला ठरवलं. अक्षता पडताना वरून झेंडूच्या पाकळ्या पडायला हव्या होत्या. मला चालवणार होती वैमानिक सुकेशनी.

लग्नाच्या सकाळी धुकं हटता हटेना. रामप्रसादरावांचा फोन आला.

"ताई, मुहूर्त थांबत नसतो. चार गावं वर बघायलीत."

"निघते," सुकेशनी म्हणाली. "पण डोंगर दिसला नाही तर परत फिरेन."

वाटेतल्या चौका गावच्या डोंगरांपाशी आलो तर समोर सगळं पांढरं. खालचा रस्ताही पुसट होत चालला होता. फुलंब्री अगदी पलीकडे होती. त्या पांढऱ्यात शिरलं की वर कुठलं आणि खाली कुठलं, हेही माणसाला उमगत नाही. मला माझा जोडीदार आठवला. फिर म्हणून ओरडावंसं वाटलं, पण माझी भाषा म्हणजे नुसती घरघर. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मला माघारी वळवलं.

धावपट्टीच्या कडेला तिची आई भामाबाई वाट बघत होती. आम्ही उतरतो न उतरतो तोच रामप्रसादरावांचा फोन आला.

"चार गावांत नाक कापलं माझं. फुलांविना मुहूर्त गेला!"

भामाबाईनं सुकेशनीच्या हातून फोन घेतला.

"पाव्हणं, तुमची लेक सासरी निघाली, माझी लेक घरी आली. दोघींचंबी चांगलंच झालं. अजून काय पायजे?"

पलीकडे वाजणारा बँड लांब गेला; रामप्रसादराव मांडवाबाहेर आले असावेत.

"पोरगी जेवली का?" रामप्रसादरावांनी हळूच विचारलं.

"नाय अजून."

"मग दोघी या जेवायला. सडकंनं या."

त्यानंतर मला कुणी लग्नाला बोलावलं नाही. वर्षं गेली, पंखांवर धूळ बसली. मित्रांनो, ती पुसलीत तर बरंच वाटेल. नाही पुसलीत तरी तक्रार नाही. पण अर्ध्या वाटेवरून परत फिरलेल्या माणसाला भित्रा म्हणू नका. त्याला आधी जेवायला वाढा.