घमेल्याखालचा ठसा

मी मातीतला एक ठसा बोलतोय. हसू नका. माझं वय एका दिवसाचंही नाही, पण सांगायचं पुष्कळ आहे आणि वेळ फार थोडा.

मोहफुलं पडायचे दिवस. पहाटे एक वाघीण नाल्यातून वर आली आणि शेतांमधून जाणाऱ्या गावाच्या पांदणीवर, पिठासारख्या धुळीत, तिनं पाय टेकवला. तोच माझा जन्म. चार बोटं, मागं जाड गादी. माझ्या शेजारी तिच्या पिल्लानंही पाय ठेवला. त्याचं वजन ते केवढंसं! वाटीच्या बुडाएवढा उथळ ठसा उमटला. ती दोघं झुडपात गेली, आम्ही दोघं मागं राहिलो.

सकाळच्या तिरप्या उन्हात रंजीता आली. चार वर्षांच्या दिव्यानीला ती रोज याच पांदणीनं अंगणवाडीत नेते. मला पाहून ती जागीच थिजली. पोरीला कडेवर घेऊन घरी पळाली, घमेलं आणलं, माझ्यावर पालथं घातलं आणि वर विटेचा तुकडा ठेवला. ढोरांनी तुडवू नये, वाऱ्यानं बुजवू नये म्हणून इथली माणसं असंच झाकतात. शेजारचा पिल्लाचा धाकटा ठसाही त्याखाली आला. बरं वाटलं. म्हटलं, कोणीतरी जपतंय.

तेवढ्यात तिची सासू, सुगंधाबाई, आलीच मागून.

"मांगच्या महिन्यात डुकराले वाघ म्हणून सारं गाव गोळा केलं तुनं. आता कुत्र्याच्या पायावर घमेलं झाकून राह्यली!"

"आई, कुत्र्याचे नखं उमटते. याले नखंच नाई."

"मंग पोरीले घरीच बांधून ठेव जल्मभर."

रंजीतानं जंगलाच्या गार्डला फोन लावला. त्या एकट्याकडे तीन गावं.

"बाई, फोटो पाठवा. साफ पायजे, सावली नको. बाजूले काडीपेटी ठेवा, माप समजते. पंजा पक्का असला तं आजच येतो, वाट बंद करतो. नाई तं परवा चक्कर आहे."

परवा! अन् उद्या सकाळी? दिव्यानीला एकवेळ घरी ठेवलं असतं. पण बाकीची लेकरं जाणारच होती, कारण रंजीताचं कोणी खरं मानत नव्हतं.

बोलताबोलता बॅटरी संपली; मोबाईल चार्ज होईस्तोवर भर दुपार झाली. तिनं घमेलं उचललं. सूर्य थेट माथ्यावर. माझ्या कडेला उरली होती नखभर सावली, तीही तिनं पदर आडवा धरून घालवली. गार्डनं सावली नको म्हटलं होतं ना!

काय सांगू माझी तडफड! अगं बाई, ती सावली म्हणजेच मी. मी मातीतच माती. मला वेगळा रंग नाही की काठ नाही. एका कडेला ऊन अन् दुसरीला अंधार, एवढ्यावर मी उभा आहे. तेच नेलंस तर उरलं काय?

तिनं वरून फोटो काढला, जवळून काढला, फ्लॅश लावून काढला. फ्लॅशनं तर उरलंसुरलंही धुऊन नेलं. आणि काडीपेटी ठेवली ती माझ्या धाकट्याला चिकटून, तरी तो तिला दिसला नाही.

उत्तर आलं, "बाई, यात तं नुसती मातीच दिसून राह्यली."

तिनं डोळे पुसले, घमेलं पुन्हा झाकलं आणि गेली. मी अंधारात चरफडत पडलो. माणसं ताठ उभी राहून वरून पाहतात आणि खोली दिसत नाही म्हणून तक्रार करतात.

ऊन बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीपर्यंत उतरलं तेव्हा रंजीता आली. हरलेली, घमेलं परत न्यायला. तिनं ते उचललं आणि हात तसाच अधांतरी राहिला. आडवं ऊन माझ्या एका कडेवर पडलं होतं आणि आत सावली भरली होती. मी सकाळसारखा खोल झालो होतो.

"सारवल्यावर असंच होते," ती स्वतःशीच पुटपुटली. "दुपारी भुई सपाट दिसते, अन् संध्याकाळी दारातून ऊन आलं का बोटाबोटाची रेघ उठते."

पदर तिनं कमरेला खोचला. सूर्य एका अंगाला ठेवून ती खाली बसली, गाल मातीला टेकेस्तोवर वाकली. आणि दचकली.

"अगं माय! हे लहानसं कोणाचं?"

दिसला! दिवसभर मी हेच तर ओरडत होतो.

फोटो गेला. गार्डनं लगेच फोन केला. आवाजच बदलला होता.

"बाई, पिल्लूवाली वाघीण आहे. या वाटेनं कोणालेच जाऊ देऊ नका. मी निघालोच."

सुगंधाबाई तिला शोधत आली होती. तिनं मोबाईल हातात घेतला, फोटो डोळ्याजवळ नेला. मग म्हणाली, "दिव्यानी कुठी आहे? घरात घे तिले. मी गावात सांगून येतो."

दोघी धावत गेल्या. घमेलं बाजूलाच पडून राहिलं.

आता ढोरं परत येतायत. खुरांची धूळ दिसू लागली आहे. आधी धाकटा जाईल, मग मी. पुसला जाईन याचं दुःख नाही; ठशाचं आयुष्य तेवढंच. पण दिवसभर मी इथंच होतो आणि दिसलो नाही, हा राग काही जात नाही. माझ्यामागून येणाऱ्या ठशाला तरी एवढं द्या. थोडं वाका, आणि त्याची सावली त्याच्यापाशी राहू द्या.