मेबलच्या पायाची पट्टी

घोड्यांच्या शर्यती घोड्यांच्या जोरावर चालतात, असं वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगराळ गावात शेंबडं पोरही म्हणत नसे. त्या चालायच्या शेजारच्या कसिनोतल्या जुगाराच्या यंत्रांवर. यंत्रांपुढे बसून हरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पैशातला वाटा शर्यतींच्या बक्षिसांत यायचा. मग नदीपलीकडे नवा कसिनो निघाला, उरलेले लोक घरबसल्या फोनवर हरू लागले आणि इथली बक्षिसं निम्म्यावर आली. तबेले ओस पडले. जो घोडा महिन्यात एकदाही धावणार नाही त्याची जागा रिकामी करा, असा फतवा तबेल्यांचे मालक असलेल्या कसिनोवाल्यांनी काढला.

वेंडेल स्ट्रूपकडे एकेकाळी अकरा घोडे होते. आता एकटी मेबल उरली होती, आणि तिच्या शेजारी खोगिरं ठेवायच्या खोलीत तो स्वतः राहायचा. तिची जागा गेली की याचंही छप्पर गेलं. सहा वर्षं मेबलला खरारा करणाऱ्या डेल्फीनाला त्याने दोन महिन्यांपूर्वीच कामावरून कमी केलं होतं.

मेबल उतरत उतरत सगळ्यात खालच्या शर्यतीत आली होती. या शर्यतींत प्रत्येक घोड्यावर किंमत लावलेली असते. शर्यतीआधी पेटीत तेवढ्या पैशांची चिठ्ठी टाकली की फाटक उघडल्या क्षणापासून घोडा तुमचा, मग तो जिंको की मरो. मेबल कुणी नेऊ नये म्हणून वेंडेलने जुनीच युक्ती चालवली होती: पुढच्या धडधाकट पायाला पट्टी बांधायची. पट्टी दिसली की गिऱ्हाईक बिचकतं. आत कापूस नाही, काही नाही, नुसतं सोंग. तीन वर्षं ती पट्टी डेल्फीनाच बांधायची आणि बांधताना खुसुखुसु हसायची.

त्या मंगळवारी मात्र पट्टी खरी होती. सकाळी हात फिरवला तर त्याच पायाची गुडघ्याखालची शीर सुजून गरम लागली. महिन्याचा शेवटचा दिवस, आणि मेबल या महिन्यात अजून धावली नव्हती. वेंडेलने चार तास तो पाय बर्फाच्या बादलीत धरून ठेवला. शर्यतीआधी घोडे तपासणाऱ्या डॉक्टरच्या हाताला पाय गार लागला आणि त्याने मान डोलावली. मग वेंडेलने कापसाची घडी घालून पट्टी आवळली.

खोगीर चढवताना कठड्याशी डेल्फीना दिसली. तिच्या हातात घोड्याच्या तोंडाला बांधून न्यायची कोरी मोरकी होती, आणि तिच्यावर पितळी पत्र्यात मेबलचं नाव. मोरकी घेऊन चिठ्ठी टाकणाराच येतो.

"काय मालक, पट्टी अजून वाकडीच बांधता?"

"डेल्फी, चिठ्ठी तू टाकलीस?"

"मग काय! आता मला मालकीणबाई म्हणायचं. गाडी विकली, भावाकडून उसने घेतले. बसने आलेय आज."

"अगं, पाय बघ तरी तिचा."

"अहो, हे दुसऱ्या कुणाला सांगा! तीन वर्षं ते सोंग मीच बांधलंय." ती मनापासून हसली. "काळजी करू नका. थंडी पडायच्या आत तिला पळवायचं बंद करणार. बहिणीचं कुरण आहे. रविवारी गाजरं घेऊन येत जा."

डॉक्टर दहा पावलांवर उभा होता. एक शब्द पुरला असता. घोडी थांबली असती, चिठ्ठी बाद होऊन तिचे पैसे बुडाले असते, आणि उद्या सकाळी वेंडेल लंगड्या घोडीसकट रस्त्यावर आला असता. त्याने तोंड उघडलं.

"पट्टी..."

"कळली हो, कळली!"

आणि वेंडेल हसला. आयुष्यात पुढे त्याला त्या हसण्याची जितकी शरम वाटली तितकी दुसऱ्या कशाचीच वाटली नाही.

शर्यत सुटली आणि पहिल्याच वळणावर मेबलचा पाय मोडला. जॉकी बाजूला फेकला गेला. ती तीन पायांवर उठायला बघत होती.

वेंडेल धापा टाकत पोचला तेव्हा डेल्फीना चिखलात बसली होती, घोडीचं डोकं मांडीवर घेऊन. मोरकी तिच्या खांद्यावर लटकत होती. पट्टी सुटून पडली होती आणि तिच्यातला कापूस बाहेर आला होता. डेल्फीनाने तो दोन बोटांत धरून पाहिला, मग वर पाहिलं. या वेळी ती त्याला मालक म्हणाली नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

डॉक्टरने सुई भरली. "तिचे हाल संपवायला मालकाची परवानगी लागेल. घोडी कुणाची?"

सवयीने वेंडेलचा हात वर जाऊ लागला. तो त्याने खाली घेतला.

"माझी," डेल्फीना म्हणाली.