थंड डागणी

मी एक जुनी डागणी आहे, मित्रांनो. हातभर लांबीचा लोखंडी दांडा, एका टोकाला लाकडी मूठ आणि दुसऱ्या टोकाला बोटाच्या पेराएवढे ‘टी’ हे इंग्रजी अक्षर. चोर या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते आद्याक्षर.

सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका गावच्या लोहाराने मला घडवले. ठशाचे अक्षर उलटे कोरावे लागते. ‘टी’ मात्र उलटसुलट सारखेच, म्हणून त्याचे काम अर्ध्या दिवसात आटोपले. तेथील कायदा असा होता. किरकोळ चोरी करणारा पहिल्या खेपेस फाशीतून सुटू शके. मात्र त्याच्या डाव्या अंगठ्याच्या बुंध्याशी मला तापवून टेकवत. दुसऱ्यांदा पकडला गेला की न्यायाधीश आधी अंगठा पाहत. डाग दिसला की सुटका नाही.

माझा ताबा टोबी नावाच्या रखवालदाराकडे होता. तो मला शेगडीच्या विझलेल्या बाजूला ठेवी. वेळ आली की थंडच टेकवी आणि दातांतल्या दातांत पुटपुटे, “ओरड रे बाबा, जोरात ओरड!” मग कोरा अंगठा हाताने झाकून पुकारा करी, “ठसा स्वच्छ उमटला, महाराज!” न्यायाधीश खिडकीबाहेर पाहत. एकदा एक मेंढपाळ ओरडायचेच विसरला. “मेल्या, नोकरी घालवतोस माझी!” म्हणत टोबीने त्याच्या पायावर टाच मारली, तेव्हा तो खरोखरच किंचाळला. अशी किती माणसे बिनडागाची घरी गेली, ते मोजायला मी शिकले नव्हते.

मग नवे न्यायाधीश आले. त्या दिवशी समोर अ‍ॅग्नेस उभी होती. तिने कुंपणावर वाळत घातलेली एक चादर उचलली होती. न्यायाधीश आसन सोडून खाली आले आणि शेगडीपाशी उभे राहिले.

“लाल होऊ दे,” ते म्हणाले. “आज अंगठा मी स्वतः पाहणार आहे.”

टोबीचा नाइलाज झाला. मी लाल झाले. तिला ओरड म्हणून सांगावे लागले नाही.

न्यायाधीश पुन्हा कधी शेगडीपाशी उतरले नाहीत आणि मी पुन्हा लाल झाले नाही. पण त्या हाताला पुढे कोणी काम दिले नाही. दोन हिवाळ्यांनंतर पावाच्या चोरीसाठी ती पुन्हा उभी राहिली. न्यायाधीशांनी फक्त अंगठा पाहिला. मला शेगडीकडे नेण्याचे कारणच उरले नव्हते. टोबीने त्यानंतर मला कधी पुसले नाही.

मी गंजले, अडगळीत पडले, विकली गेले आणि शेवटी जर्मनीतील हायडेलबर्गजवळच्या एका लहान संग्रहालयात पोहोचले. २००६ साली तेथील प्रमुख फ्राऊ क्लाइनर यांना, म्हणजे क्लाइनरबाईंना, शंका आली की मी पर्यटकांना फसवण्यासाठी बनवलेली नक्कल असावी. नक्कल ठरले तर मी भंगारात जाणार होते. तपासणीचे काम विद्यापीठात धातूंवर संशोधन करणाऱ्या ईप्सिताकडे आले. पुण्याहून आलेले तिचे वडील श्रीपादराव त्या दिवशी तिच्यासोबत होते. त्यांनी उभा जन्म कारखान्याच्या भट्टीवर काढला होता.

“बाबा, हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही हं.”

“मला शिकव तू! हिच्या कडा बघ. रोज तापणारं हत्यार वर्षभरात बोथट होतं. ही जवळजवळ तापलेलीच नाही.”

“म्हणजे नक्कल?”

मित्रांनो, खरे सांगते, त्या क्षणी मला नक्कल ठरावेसे वाटले. मग अ‍ॅग्नेसला मी जाळलेच नाही, असे झाले असते. पण भंगारात वितळले असते, तर तिला ओळखणारे जगात कोणीही उरले नसते.

ईप्सिताने मला सूक्ष्मदर्शकाखाली धरले. अक्षराच्या दोन रेघा मिळतात त्या कोपऱ्यात, गंजाच्या थराखाली तिला एक काळा कण सापडला.

“जळालेली त्वचा आहे,” ती म्हणाली. “गंजाच्या खाली आहे, म्हणजे गंजाहून जुनी.”

“गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणजे अस्सल!” फ्राऊ क्लाइनर यांनी टाळी वाजवली.

श्रीपादराव हसले नाहीत. “अस्सल आहे, आणि तरी एखाददुसऱ्या वेळेलाच तापली. मग बाकीच्या वेळी काय केलं असेल गं?”

“थंडच टेकवली असेल, बाबा. कोणीतरी सोडून देत असेल.” ईप्सिता फ्राऊ क्लाइनर यांच्याकडे वळली. “हे माहितीफलकावर लिहू या ना.”

“हे पाहा, अंदाज फलकावर लिहिता येत नाही,” त्या सौम्यपणे म्हणाल्या. “पुरावा फक्त जाळल्याचा आहे.”

त्यांचे चुकले नव्हते. थंड लोखंड मागे काहीच ठेवत नाही.

आता मी काचेआड, प्रखर दिव्याखाली असते. फलकावर माझी लांबी, वजन आणि काळ आहे. लोक वाकून अक्षर पाहतात, शहारतात आणि पुढे जातात.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी एकदा चुकले, तर त्याला नावे ठेवण्याआधी थोडे थांबा. चूक एका दिवसाची असते. डाग अंगावर घेऊन मात्र माणसाला रोज सकाळी काम मागायला निघावे लागते. आणि तुम्ही कोणाला सांभाळून घेतलेत, तर त्याची नोंद कोठेही होणार नाही. तरीही सांभाळून घ्या. टोबी घेत असे.

तिचे नाव अ‍ॅग्नेस होते. फलकावर ते नाही.